तोफ दोन्ही कान नेते

देवळाली कॅम्पात माणसाला कमी ऐकू यायला लागलं, तर का, हे कुणी विचारत नाही. तोफेनं कान गेला, एवढं म्हटलं की विषय संपतो. तोफखान्यात नोकरी केलेला माणूस असेल तर प्रश्नच नाही. पण सगळं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलेल्या शेठजींनाही आपला कान फायरिंगनेच गेला असं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफखान्याची शाळा काकूलहून इथे आली, तेव्हापासून गावामागच्या रेंजवर तोफा धडधडतायत. बोफोर्स आली, नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ इथेच समारंभाने सैन्यात दाखल झाल्या. फायरिंगच्या दिवशी तावदानं थरथरतात, फडताळातल्या कपबश्या किणकिणतात आणि बोलणारा माणूस वाक्य न तोडता पुढे बोलत राहतो. दचकतो तो नवा पाहुणाच.

मी इथे लॅम रोडलगतच्या एका गल्लीत ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, लग्न होऊन इकडे आले आणि तेव्हापासून कान मोजतेय. मोजतेय असंच म्हणते, कारण मी डॉक्टर नाही. औषध देणं, ऑपरेशन ठरवणं हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं काम. माझं काम म्हणजे माणसाला बंद खोलीत हेडफोन लावून बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि कुठला ऐकू आला, कुठला नाही, ते कागदावर मांडायचं. उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. रेंज चालू असेल तर हेही नीट होत नाही. बूथच्या भिंती शिट्टीसारखे आवाज अडवतात, तोफेचा घुमारा अडवत नाहीत. मग २५० आणि ५०० हर्ट्‌झची तपासणी जवानांच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत लांबवायची, हा इथला रिवाज. पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणींना सांगितलं की त्या हसतात.

तोफेनं गेलेला कान कागदावर ओळखू येतो. १४० डेसिबलच्या वरचा एकच धडाका आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी कायमच्या आडव्या करू शकतो, आणि तोफेजवळचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. हा मार पहिल्यांदा ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो. त्यामुळे रेघ सरळ चालत येते, तिथे खड्ड्यात पडते आणि ८००० ला थोडी वर येते. सैन्यातल्या माणसाचा कागद हातात घेतला की हा खड्डा बहुधा असतोच. लाल गोल खाली उतरतात, त्यांच्या सोबतीने निळ्या फुल्याही उतरतात. दोन्ही कान थोड्याफार फरकाने बरोबरीने जातात. माझ्या कामातला महत्त्वाचा सगळा भाग या ‘थोड्याफार’मध्ये आहे.

कारण दोन्ही कान अगदी सारखे कधीच नसतात. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. त्याचा डावा कान जास्त जातो. ट्रॅक्टरवर बसून मान उजवीकडे वळवून मागचं अवजार बघणाऱ्या शेतकऱ्याचा डावा कान इंजिनाकडे राहतो. ट्रकचालकाचा खिडकीकडचा, म्हणजे उजवा. त्यामुळे माणूस आला की मी आधी काम विचारते, हात विचारते, बसण्याची जागा विचारते. एक कान थोडा मागे असेल आणि तो का मागे आहे हे कामातून कळत असेल, तर ठीक. पण दोन लगतच्या सुरांवर वीस डेसिबलचा फरक दिसतोय आणि कामातून त्याचा पत्ता लागत नाही, तर तो कागद फाइलला लावून मोकळं होता येत नाही.

भगूरला घर बांधून राहिलेले एक निवृत्त हवालदार आले होते, त्यांचं हेच झालं. नोकरीभर तोफखान्यात, उजव्या हाताचे, दोन्ही कानांत ४००० चा खड्डा. सगळं नियमाप्रमाणे. कानाचं मशीन द्या म्हणाले. फक्त उजवा कान डाव्यापेक्षा बराच खाली होता, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा उजवाच कान का जावा, हे जुळत नव्हतं. फोन कुठल्या कानाला लावता विचारलं. म्हणाले, “आधी उजव्याला लावायचो, आता डाव्याला. उजव्यानं आवाज येतो मॅडम, पण बोललेलं कळत नाही.” हे वाक्य मी ऐकलं की सावध होते. शंख बिघडला तर आवाज मोठा केल्यावर शब्द बऱ्यापैकी परत येतात. नसेवर दाब असेल तर आवाज पोचतो आणि शब्दाचा चुरा होतो. त्यांना साधे दोन अक्षरी मराठी शब्द मागे म्हणायला लावले. डाव्या कानानं जवळजवळ सगळे बरोबर. उजव्यानं, आवाज वाढवत नेला तसतसे आणखीच चुकत गेले. वाढवल्यावर बिघडणं ही नसेची खूण.

अशा वेळी चांगल्या कानाला गुंतवून ठेवावं लागतं. त्यात ‘सुस्स’ असा सततचा आवाज सोडतो, नाहीतर वाईट कानातला आवाज कवटीतून पलीकडे जातो आणि चांगला कान त्याच्या वतीनं उत्तर देतो. मांडवातल्या फुकट तपासणी शिबिरात हे होऊ शकत नाही. शिबिरं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही, कित्येक म्हाताऱ्यांना तिथेच पहिल्यांदा कुणीतरी कानाबद्दल विचारतं. पण तिथे मिळालेलं मशीन म्हणजे निदान नव्हे. एका कानाला मशीन बसवून पाठवलेला माणूस पुढची पाच-सहा वर्षं कुणाकडेच जात नाही, आणि ही पाच-सहा वर्षंच महागात पडतात.

डॉक्टरांनी हवालदारांना एमआरआय सांगितला. कॅम्पातल्या माणसाला एमआरआय सांगण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, जो इतर गावात सहसा सुचत नाही: अंगात कुठे स्प्लिंटर आहे का? कारगिलच्या वेळचा तुकडा खांद्यात घेऊन फिरणारी माणसं इथे बाजारात भाजी घेताना भेटतात. लोखंडाचा तुकडा डोळ्याजवळ किंवा मोठ्या रक्तवाहिनीजवळ असला तर त्या चुंबकात जाणं धोक्याचं. मग बेरा चाचणीवर भागवावं लागतं: डोक्याला तारा चिकटवून कानात टकटक सोडायची आणि ती मेंदूकडे पोचायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन कानांत मिलिसेकंदाच्या दोन-चार दशांशांचा फरक पडला तरी शंका घ्यायची. पण गाठ सेंटिमीटरच्या आतली असेल तर बेरा तिला चुकवू शकते. शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय दोन-तीन मिलिमीटरची गाठही दाखवतो. हवालदारांच्या अंगात काही नव्हतं. नाशिकला जाऊन काढून आले. उजव्या कानामागच्या हाडाच्या बोगद्यात नऊ मिलिमीटरची गाठ.

त्या बोगद्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथल्या अडचणीच्या जागेची आहे. आतल्या कानापासून मेंदूकडे जाणारा हाडातला मार्ग जेमतेम सेंटिमीटरभर लांब. त्यातून ऐकण्याची नस जाते, तोल सांभाळणाऱ्या दोन जातात, चेहरा हलवणारी एक जाते, शिवाय आतल्या कानाला रक्त पुरवणारी बारीक धमनी. वीज वाहणाऱ्या प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशींचं आवरण असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना मिळालंय. तोलाच्या नसेवरची अशी एखादी पेशी वाढत सुटते आणि गाठ होते. डॉक्टर तिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात, रिपोर्टवर व्हेस्टिब्युलर श्वानोमा लिहिलेलं असतं. गाठ तोलाच्या नसेची, पण माणूस तक्रार करतो कानाची. याचं कारण ती इतकी हळू वाढते, वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर, की तोलाचं काम दुसऱ्या बाजूचा कान हळूहळू उचलून घेतो. भोवळ येऊन माणूस पडला असं क्वचित होतं. संध्याकाळी अंधारात बांधावरून चालताना पाय वाकडा पडतो, एवढंच.

हवालदारांचा पहिला प्रश्न कॅन्सर आहे का, हा होता. नाही. ही गाठ कर्करोगाची नसते, दुसरीकडे पसरत नाही. तिचा उपद्रव फक्त जागेचा. दुसरा प्रश्न इथे सगळेच विचारतात: तोफेनं झाली का? आवाजाचा आणि या गाठीचा संबंध शोधणारे अभ्यास जगात झालेत. काहींना तो दिसला, काहींना दिसला नाही, आणि तोफेवर बोट ठेवता येईल असं काही त्यातून निघालेलं नाही. पेशीच्या आत काय होतं ते मात्र पक्कं माहीत आहे. बाविसाव्या गुणसूत्रावर एनएफ-२ नावाचा जीन आहे, तो १९९३ साली सापडला. त्याच्याकडून मर्लिन नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते पेशीच्या वाढीला लगाम घालतं. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती एकाच पेशीत बिघडल्या की लगाम सुटतो. बहुतेकांत हे नुसतं योगायोगानं घडतं. बाहेरचं कारण म्हणून खात्रीनं सांगता येतं ते लहानपणी डोक्याला किंवा मानेला मिळालेल्या जास्त किरणोत्साराचं. मोबाइलचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ साली मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कारण असू शकेल’ या वर्गात टाकलं. तेव्हापासून प्रत्येक हातात मोबाइल आला, पण या गाठींची लाट काही आली नाही. दरवर्षी लाख माणसांत एक-दोघांना ती सापडते. म्हणजे कॅम्प आणि आसपासची गावं धरली तरी वर्षाला एखाददुसरं माणूस.

आणि म्हणूनच हा विषय अवघड आहे. एका कानाला कमी ऐकू येणाऱ्या शंभर माणसांना एमआरआय केला तर गाठ निघते दोन-चार जणांत. बाकीच्यांचे काही हजार रुपये जातात आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. “मॅडम, उगीच खर्च करायला लावला,” असं तोंडावर ऐकवून गेलेले लोक आहेत. मी ते ऐकून घेते. माझं मत पक्कं आहे: स्वच्छ रिपोर्टचे पैसे वाया जात नाहीत. कारण उशिरा सापडलेल्या गाठीचा हिशोब पैशात होत नाही, तो चेहऱ्यावर दिसतो.

हवालदारांना डॉक्टरांनी सांगितलं, काही करायचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय, मग वर्षाला एक. हे त्यांना अजिबात पटलं नाही. “दुश्मन समोर दिसतोय आणि फायर करू नका म्हणता?” मीही त्यांच्याच भाषेत सांगितलं, की तो बंकरमध्ये झोपलेला आहे, उठवू नका, फक्त ऑब्झर्व्हेशन पोस्ट लावा. अशा लहान गाठींतल्या बऱ्याच वर्षानुवर्षं वाढतच नाहीत. त्यांची अजून तरी जागची हललेली नाही. ऐकू येणं मात्र कमी होत गेलं, कारण गाठ वाढली नाही तरी नस हळूहळू थकते. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर रिपोर्ट चांगला आणि कान वाईट, असं दिसलं की माणसाचा डॉक्टरवरचा विश्वास उडतो.

शिंगवे बहुल्याच्या एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट वेगळी. त्यांचं सगळंच उशिरा झालं. डावा कान ट्रॅक्टरनं आणि ब्लोअरनं गेला, असं घरात ठरलेलंच होतं, आणि ट्रॅक्टरवाल्याचा डावा कान जातो हे खरंही आहे. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एका ठिकाणाहून मशीन घेतलं, ते पेटीत राहिलं, कारण “नुसता गोंगाट वाढतो”. माझ्याकडे आले ते नवीन मशीनसाठी. डाव्या कानाची तपासणी करताना सहज म्हणाले की दाढी करताना डावा गाल बधिर वाटतो, ब्लेड लागलेलं कळत नाही. कानाची तक्रार गालावर आली की पेन खाली ठेवायचं. गाठ बोगद्यातून बाहेर पडून मेंदूकडच्या पोकळीत शिरते, तेव्हा चेहऱ्याच्या संवेदनेची नस तिच्या वाटेत येते. त्यांची गाठ तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली होती आणि मेंदूच्या देठाला ढकलत होती.

हा क्रम शंभर वर्षांपूर्वी हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदानं लिहून ठेवलाय: आधी कान, मग तोल आणि मानेमागचं दुखणं, मग गालाची बधिरता, शेवटी डोळ्यांपुढे अंधार. शवविच्छेदनात ही गाठ १७७७ साली लायडनच्या सांडिफोर्टनं पाहिली होती. पण जिवंत माणसात तिला ओळखायचं कसं, हे कुशिंगनं १९१७ सालच्या पुस्तकात पद्धतशीर मांडलं. त्याच वर्षी तो सैन्याच्या वैद्यकीय पथकाबरोबर फ्रान्सला गेला आणि तोफांच्या टापूत डोक्यातले छर्रे काढत बसला. कॅम्पात राहणाऱ्या माझ्यासारखीला ही जोडी ओळखीची वाटते. त्याच्या आधी हे ऑपरेशन म्हणजे बहुतेकदा मरणच असायचं. बोटानं गाठ उपटून काढत, रक्तस्राव थांबत नसे. कुशिंगनं कवच तसंच ठेवून आतला गर काढायला सुरुवात केली. माणसं जगू लागली, पण गाठ पुन्हा वाढायची. पुढे १९६० च्या दशकात विल्यम हाउसनं लॉस एंजेलिसमध्ये सूक्ष्मदर्शक आणि दातांच्या डॉक्टरांसारखा ड्रिल घेऊन कानाच्या हाडातूनच वाट काढली, तेव्हा चेहऱ्याची नस डोळ्यांना दिसायला लागली. आज तिच्यावर मॉनिटर लावतात. नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं आणि सर्जन थांबतो.

बागायतदारांना ऑपरेशनच लागणार होतं. एवढ्या मोठ्या गाठीला दुसरा पर्याय नव्हता. अडचण निराळीच निघाली. सप्टेंबर चालू होता आणि ऑक्टोबरात छाटणी. छाटणी झाल्यावर करू, म्हणाले. मग डाउनी रोगाच्या फवारण्या आल्या, मग माल निघाल्यावर. नाशिकच्या बागायतदाराला बागेशिवाय दुसरं पंचांग नसतं. मेंदूतलं पाणी तुंबलं तर डोळे जातील, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर भाऊबंदांनी बाग वाटून घेतली आणि ते मुंबईला गेले. गाठ जवळजवळ सगळी निघाली. चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला पापुद्रा सर्जननं मुद्दाम ठेवला. मला हा शहाणपणा वाटतो. शंभर टक्के गाठ काढली असा रिपोर्ट आणि कायमचा वाकडा चेहरा, यापेक्षा पापुद्रा ठेवून दरवर्षी एमआरआय बरा. आज बहुतेक सर्जन असंच मानतात.

तरीही चेहरा काही महिने वाकडा होता. डावा डोळा मिटेना. अशा वेळी सगळ्यात मोठी भीती डोळ्याचीच: गालासारखंच बुबुळही बधिर झालेलं, कचरा गेलेला कळत नाही आणि पापणी मिटत नाही. दिवसभर थेंब, रात्री मलम आणि पट्टी, उन्हात आणि फवारणीच्या वेळी बाजूंनी बंद असलेला चष्मा. हे सगळं त्यांच्या बायकोनं सांभाळलं. ताईंनी घड्याळ लावून थेंब घातले म्हणून बुबुळाला जखम झाली नाही, हे श्रेय कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलं जात नाही. हळूहळू चेहरा बराचसा परत आला. कान गेला तो गेलाच.

एका कानानं जगणं किती अवघड, हे दोन कानवाल्यांना कळत नाही. आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. लॅम रोडवर मागून ट्रकनं हॉर्न दिला तर माणूस नेमका त्याच बाजूला सरकतो. लग्नाच्या पंगतीत डाव्या बाजूला बसलेला पाहुणा बोलत राहतो आणि हा उत्तर देत नाही, मग “शेठ लई चढला” असं गावात होतं. मी त्यांना क्रॉसचं मशीन लावलं: बहिऱ्या कानावरचा माइक आवाज पकडतो आणि चांगल्या कानात पोचवतो. त्यानं दिशा कळत नाही, पण पंगत तरी सुटत नाही. शिवाय तोलाचे व्यायाम. डोकं हलवत एका खुणेकडे बघत राहायचं, मग चालत बघायचं. द्राक्षाच्या ओळीत तार धरून हे व्यायाम करता येतात, हे त्यांनी मला शिकवलं.

नुसतं लक्ष ठेवणं आणि ऑपरेशन, या दोन टोकांच्या मध्ये किरणांचा उपाय येतो. स्वीडनचा लार्स लेक्सेल यानं १९६९ साली स्टॉकहोमला अशा गाठीवर पहिल्यांदा गामा किरण सोडले. कोबाल्टच्या जवळजवळ दोनशे बारीक शलाका वेगवेगळ्या दिशांनी येऊन नेमक्या गाठीवर मिळतात. वाटेतल्या मेंदूला त्यातला नगण्य भाग लागतो. कवटी उघडावी लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस घरी. भारतात ही सोय १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आली. अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, वाढणाऱ्या गाठीला ती चालते, आणि दहातल्या नऊंची वाढ थांबते. पण गाठ नाहीशी होत नाही, आणि इथेच घरच्यांचा गोंधळ होतो. हौसन रोडच्या एका सिंधी आजींना किरण देऊन आणलं. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ आधीपेक्षा किंचित फुगलेली दिसली. मुलगा संतापला, पैसे बुडाले म्हणाला. किरणांनंतर गाठ काही काळ सुजते आणि मग आक्रसते, हे त्याला कुणी नीट समजावलेलं नव्हतं. आजींचं पुढे ठीक झालं, पण मधल्या वर्षात त्या घरात जेवण गोड लागलं नाही. असं समजावणं फीच्या पावतीत धरलेलं नसतं, म्हणून ते राहून जातं.

तोफ दोन्ही कान नेते आणि गाठ एक कान नेते, हा माझा साधा ठोकताळा एका पोरानं मोडला. विशी ओलांडलेला, भरतीच्या तयारीला लागलेला मुलगा. दोन्ही कान कमी. गावच्या लोकांनी हेडफोनवर खापर फोडलं होतं. शब्द दोन्ही कानांनी चुकत होते. आईबद्दल विचारलं तर म्हणाला, तीही तरुणपणीच बहिरी झाली आणि पुढे ‘डोक्याच्या आजारानं’ गेली. दोन्ही बाजूंना श्वानोमा म्हणजे एनएफ-२ चा आनुवंशिक आजार. बिघडलेली एक प्रत जन्मतःच सगळ्या पेशींत. साधारण पंचवीस-तीस हजार जन्मांत एक. त्यात मेंदूच्या आवरणाच्या, मणक्यातल्या गाठीही येतात. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला येण्याची शक्यता निम्मी, म्हणून धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी लागली. तिची स्वच्छ निघाली. इथे घाईनं एक बाजू काढायला जायचं नसतं. एक कान जरी जिवंत राहिला तरी ती मोठी मिळकत. बेव्हॅसिझुमॅब नावाचं शिरेतून द्यायचं औषध अशा काही रुग्णांत गाठ आक्रसवतं आणि ऐकणं टिकवतं, हे २००९ साली पुढे आलं. त्या पोराला मी पहिल्याच महिन्यात ओठ वाचायला शिकवायला घेतलं. ऐकू येत असताना ते शिकणं सोपं असतं. भरती हुकली. तो आता मोबाइल दुरुस्त करतो.

नसेची दुसरीही एक गाठ कॅम्पात भेटते आणि तिचा कानाशी काही संबंध नाही. गुडघ्याखाली पाय गमावलेले एक माजी सैनिक श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या घ्यायला येतात. एकदा जयपूर पायाचा पट्टा सोडून बसले होते, खुंटाच्या एका जागी बोट लागलं आणि करंट बसल्यासारखे ओरडले. नस कापली की तिचे तंतू वाढून पुन्हा पलीकडचं टोक शोधतात. टोकच नसलं तर तिथेच गुंता होऊन गाठ होते. ती ट्यूमर नव्हे, पण दुखते मात्र ट्यूमरहून जास्त. आधी सॉकेट बदलून दाब हलवतात, इंजेक्शन देतात. मग ऑपरेशन करून नसेचं टोक स्नायूत पुरतात किंवा स्नायूच्या दुसऱ्या बारीक नसेला जोडतात, म्हणजे वाढणाऱ्या तंतूंना जायला ठिकाण मिळतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही, माझं ते क्षेत्र नाही. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात, जे १९४४ पासून हेच काम करतंय, दाखवून या एवढं सांगितलं. ते गेले. नव्या सॉकेटवर भागलं.

आता माझ्या गावच्या वाचकांना, विशेषतः तोफखान्यातून निवृत्त झालेल्यांना, दोन कामं सांगते. आज रात्री फोनवर बातम्या लावा आणि तो आधी एका कानाला, मग दुसऱ्याला धरा. दोन्हीकडे आवाज सारखा कमी असेल तर सवडीनं या. एका कानानं आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत, किंवा एकाच कानात शिट्टी वाजते, असं असेल तर मशीनच्या दुकानात जाऊ नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ‘एकच कान’ हे दोन शब्द त्यांना पहिल्यांदा सांगा. दुसरं, निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीचा ऑडिओग्राम ट्रंकेतून शोधून काढा. तोफ सुटली की तोफेचं नुकसान तिथेच थांबतं. पुढे वय कान नेतं तेही दोन्ही. निवृत्तीनंतर एकटाच कान खाली गेलेला असेल, तर तो जुना कागद माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त सांगतो. येताना तो घेऊन या. आणि शक्यतो फायरिंगच्या दिवशी येऊ नका.